कीवर्ड निवडायच्या आधी फोनची वही काढा

फेब्रुवारी लागला की देवगडात बागांची राखण सुरू होते आणि त्याच सुमाराला माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून यायला लागतो, गूगलवर जाहिरात टाकायची आहे, कीवर्ड कुठले टाकू सांग ना. कीवर्ड म्हणजे लोकांनी जे शोधलं की आपली जाहिरात दिसावी ते शब्द. विचारणारे सगळे आपलेच, कोण बागायतदार, कोणाचं होमस्टे, कोणाचं कोकम सरबत आणि मसाले. आमच्या घरचा आंबा मी गेली काही वर्षं थेट गिऱ्हाइकाला पाठवतोय आणि मामेभावाचं कुणकेश्वरजवळ चार खोल्यांचं होमस्टे आहे त्याच्या जाहिरातीही मीच बघतो, तर प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो. एका सीझनवर वर्ष काढणाऱ्या घराला वाया गेलेला जाहिरातीचा पैसा किती लागतो ते मी जवळून बघितलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

सुरुवात त्या होमस्टेपासूनच करतो. पहिल्या वर्षी आम्ही हे काम बाहेर दिलं होतं. त्यांनी कीवर्ड टाकले ते असे, देवगड हॉटेल, देवगड रूम, देवगड राहण्याची सोय. वाचताना काही चूक वाटत नाही ना? आम्हालाही वाटली नाही. जाहिरात चालू झाली, क्लिक पडायला लागले, फोन वाजायला लागले आणि आठवड्याभराने भाऊ मला म्हणतो, "फोन येतत रे, पण बुकिंग खंय?" मग मी दोन दिवस तिथे जाऊन बसलो आणि फोन स्वतः घेतले. तिसरा की चौथा फोन असेल, एक काका बोलत होते, "दादा, आम्ही आठ जण दर्शनाला येतोय, तुमच्याकडून दत्त मंदिर चालत किती लांब पडेल?" मी म्हटलं काका, इथे कुणकेश्वराचं देऊळ आहे, महादेवाचं, अगदी समुद्राला लागून. काका क्षणभर गप्प, मग म्हणाले, "समुद्र? नेवाशाला कुठला आला समुद्र?"

तेव्हा उजेड पडला. नगरकडे नेवासा तालुक्यात प्रवरेच्या काठी श्री क्षेत्र देवगड आहे, दत्ताचं मोठं स्थान, तिथे लांबलांबून भाविक जातात आणि जाण्याआधी अर्थातच गूगलवर टाकतात, देवगड राहण्याची सोय. अक्षर न अक्षर आमचाच कीवर्ड. त्या प्रत्येक क्लिकचे पैसे आमच्या खात्यातून जात होते.

असं फक्त देवगडचं नाही. मुरुड घ्या, एक दापोलीजवळचं मुरुड, एक रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड आणि तिसरं लातूर जिल्ह्यातलं. सिंधुदुर्ग म्हटलं की कोणाला किल्ला हवा असतो, कोणाला जिल्हा, कोणाला नुसतं सिंधुदुर्ग स्टेशनचं रिझर्व्हेशन. तेव्हा कीवर्डमध्ये गावाचं नाव टाकताना आधी बघायचं की ते नाव एकटं पुरतंय का, आणि पुरत नसेल तर शेजारी ओळख पटवणारा एक शब्द बसवायचा. आम्ही मग देवगड बीच होमस्टे, कुणकेश्वर होमस्टे, देवगड सिंधुदुर्ग रूम, देवगड समुद्राजवळ राहण्याची सोय असे कीवर्ड ठेवले आणि नेवासा, दत्त मंदिर, भक्त निवास हे शब्द नकारात टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्याला आमची जाहिरात दिसू नये असं गूगलला सांगितलं. नकाराचं पुढे सांगतो, त्यातही एक खड्डा आहे.

ज्यांनी हे कधीच केलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. गूगल अ‍ॅड्समध्ये तुम्ही शब्द देता, कोणी तसं काही शोधलं की त्या क्षणाला एक लिलाव होतो, त्यात तुम्ही लावलेली बोली, तुमच्या जाहिरातीचा आणि पानाचा दर्जा, माणूस कुठून आणि काय शोधतोय हे सगळं बघून गूगल ठरवतं की कोणाची जाहिरात वर. नुसती दिसली तर पैसे नाहीत, क्लिक झालं की पैसे गेले, मग तो माणूस पेटी घेवो नाहीतर पान बघून परत जावो. म्हणून कीवर्ड निवडणं म्हणजे कोणाला दुकानात घ्यायचं आणि कोणाला बाहेरूनच नमस्कार करायचा हे ठरवणं.

आता वहीची गोष्ट. कॉम्प्युटर उघडायच्या आधी एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस येणारे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जसेच्या तसे त्यात उतरवा. समोरचा "आंबा आहे का" म्हणाला की "हापूस मिळेल का" म्हणाला की "अल्फान्सोचा बॉक्स केवढ्याला" म्हणाला, तेच शब्द, तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका. जुने मेसेज असतील तर गेल्या सीझनपर्यंत मागे जा, दोन तास लागतील पण तेवढे द्याच. हे मी इतकं आग्रहाने सांगतोय कारण आपले शब्द आणि गिऱ्हाइकाचे शब्द यात फार अंतर असतं आणि ते आपल्याला घरात बसून कळत नाही.

कोकमाचंच बघा. आपण झाडावरच्या फळाला रातांबा म्हणतो, मालवणकडे भिरंड म्हणतात, मीठ घातलेल्या रसाला आगळ म्हणतो. पुण्याची बाई सुकवलेल्या सालीला आमसूल म्हणते आणि तेच शोधते. मुंबईत कोणी कोकम शोधतं, कोणी कोकम ज्यूस, कोणी सोलकढीसाठी कोकम. आमच्या ओळखीच्या एका ताईने आगळ आणि रातांबा हेच कीवर्ड टाकले होते, महिनाभर जाहिरात जवळपास कोणाला दिसलीच नाही. त्यांना मी विचारलं, ताई, तुमच्याकडे पहिल्यांदा घेणारं माणूस फोनवर काय म्हणतं? त्या म्हणाल्या, "सोलकढी बनवायचं ते द्या असं म्हणतात." मग हाच की तुमचा कीवर्ड, सोलकढीसाठी कोकम! आगळ ठेवा, तो शब्द ज्याला माहीत आहे तो पक्का गिऱ्हाईक आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. कुळीथ पिठाचं तसंच, घाटावर त्याला हुलगे म्हणतात, कोल्हापूर सांगलीकडे जाहिरात दाखवायची असेल तर हुलग्याचं पीठ हवंच. आंबापोळी म्हणून विकत असाल तर मॅंगो पापड आणि आमपापड शोधणारेही तुमचेच आहेत, ओले काजूगर विकत असाल तर ओले काजू शोधणारेही. आणि सुकी मासळी विकणाऱ्यांनी तर नुसतं सुकी मासळी म्हणून भागवूच नये, सुके बोंबील, सोडे, सुकट, जवळा असं एकेक नाव घेऊन लोक शोधतात, कारण त्यांना घरात आज काय शिजवायचंय ते ठरलेलं असतं.

वही भरली की शब्दांची वाटणी करायची, आणि वाटणी करताना प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा, हे टाइप करणाऱ्याला पुढच्या दहा मिनिटांत काय हवंय? हापूस आंबा ऑनलाइन पुणे, याला आंबा घ्यायचाय. देवगड हापूस ५ डझन पेटी किंमत, यालाही घ्यायचाय, तो फक्त दोन ठिकाणी दर बघतोय. हापूस आणि केसर फरक, हा अजून विचारात आहे, कदाचित घेईल कदाचित नाही. हापूस आंबा आजचा भाव वाशी, हा बहुतेक आपल्यासारखाच बागायतदार किंवा व्यापारी, त्याला मार्केटचा दर हवाय, तो तुमच्याकडून पेटी घेणार नाही. हापूस कलम, याला झाड लावायचंय. आमरस रेसिपी, याच्या घरात आंबा आलेलासुद्धा आहे.

यात भाव आणि किंमत हे दोन शब्द नीट बघा. डिक्शनरीत जवळजवळ एकच अर्थ, पण आजचा भाव म्हणणारा मार्केटवाला निघतो आणि डझनाची किंमत किंवा पेटीची किंमत म्हणणारा बऱ्याचदा खाणारा निघतो. आमच्या सर्च टर्म्समध्ये, म्हणजे लोकांनी खरोखर टाइप केलेल्या शोधांच्या यादीत, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी आजचा भाव, बाजारभाव, वाशी मार्केट हे सगळं बाहेर काढलं आणि किंमत ठेवला. तुमच्याकडे वेगळं दिसू शकतं, तुमचा आकडा बघून ठरवा.

छोटं बजेट असेल तर पहिल्या सीझनला फक्त घ्यायचंय वाल्या शब्दांवर पैसे लावा. विचारात असलेल्यांसाठी वेबसाइटवर एखादा लेख लिहा, हापूस कसा ओळखायचा, पेटी आल्यावर आंबा कसा पिकवायचा वगैरे, ते लोक फुकटात येतील. आणि ओळखायचं कसं हे लोकांना खरंच हवं असतं, दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो याचा राग त्यांनाही आहे आणि आपल्याला तर आहेच. ओरिजिनल देवगड हापूस, खरा रत्नागिरी हापूस, कार्बाइड नसलेला आंबा, नैसर्गिक पिकवलेला हापूस, हे असे शब्द आहेत की शोधणारा एकदा फसलेला आहे आणि आता खात्री देणाऱ्याला चार पैसे जास्त द्यायला तयार आहे. हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, तर तुमची नोंदणी असेल तर ते पानावर ठळक लिहा आणि जीआय हापूस हाही कीवर्ड घ्या. पण बाग दापोलीची असेल तर देवगड हापूस हा कीवर्ड घेऊ नका. क्लिक मिळेल, पेटीही जाईल, पण ज्या गोष्टीवर आपण ओरडतो तीच आपण केली असं होईल. दापोलीचा हापूस म्हणून सांगा, कृषी विद्यापीठामुळे दापोलीचं नाव लोकांना माहीत आहे, त्याच्यावर उभे रहा.

एवढं झाल्यावर मग कीवर्ड प्लॅनर उघडा, तो गूगल अ‍ॅड्सच्या खात्यातच असतो. खातं पूर्ण करावं लागतं, बिलिंगची माहिती भरावी लागते आणि एक कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, बनवावं लागतं, खर्च करायचा नसेल तर ते कॅम्पेन लगेच पॉज करून ठेवा, प्लॅनर चालतो. नवीन खातं उघडताना गूगल सोपा रस्ता पुढे करतं जिथे नेमके कीवर्ड नसतात, नुसते कीवर्ड थीम असतात. आपल्याला लगाम हातात हवाय म्हणून पूर्ण खात्याचा मोड घ्या.

प्लॅनरमध्ये वहीतले शब्द टाकले की तो आणखी शब्द सुचवतो आणि महिन्याला साधारण किती लोक शोधतात ते दाखवतो. खात्यातून फारसा खर्च होत नसेल तर नेमका आकडा नाही मिळत, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार अशा मोठमोठ्या पट्ट्या दिसतात. त्याने नाराज होऊ नका, आपल्याला कुठला शब्द कुठल्यापेक्षा मोठा एवढंच कळलं तरी पुरे. तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, वर लोकेशन भारत असतं, ते बदलून तुम्ही जिथे माल पाठवता ती शहरं टाका, पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर जे असेल ते, नाहीतर देशभरातला आकडा बघून हुरळून जाल. दोन, कॉम्पिटिशनच्या रकान्यात लो मीडियम हाय लिहिलेलं असतं ते जाहिरात देणाऱ्यांच्या गर्दीबद्दल आहे, फुकटच्या रिझल्टमध्ये वर यायला किती अवघड याच्याबद्दल नाही. तीन, आंब्यासारख्या मालाला वर्षाची सरासरी बघून काही अर्थ नाही, महिन्यांचा आलेख बघा, एप्रिल मे मध्ये डोंगर आणि बाकी वर्ष सपाट. गूगल ट्रेंड्सवर हे अजून चांगलं दिसतं, फक्त तिथला १०० म्हणजे शंभर लोक नव्हेत, तो त्या काळातला सर्वात जास्त शोधलेला क्षण, बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

एक गोष्ट कोकणातल्या छोट्या वाड्यांना हमखास येते. वाडीचं नाव घालून अगदी नेमका कीवर्ड केला की त्याच्यापुढे लो सर्च व्हॉल्यूम असं येतं आणि तो झोपून राहतो, कारण तसं शोधणारं कोणी जवळपास नसतंच. तिथे आजूबाजूचं लोकांना माहीत असलेलं ठिकाण घ्या, तारकर्ली, देवबाग, गणपतीपुळे, हर्णै, जे जवळ असेल ते, आणि जाहिरातीत खरं लिहा की तिथून किती किलोमीटर. लपवलं तर माणूस गाडी घेऊन रात्री नऊला दारात येऊन भांडेल.

स्पेलिंगवर आता थोडा वेळ घालवू कारण मराठी धंद्याची अर्धी गंमत तिथेच आहे. आपले लोक तीन तऱ्हेने शोधतात, देवनागरीत, मराठी पण इंग्रजी अक्षरांत, आणि सरळ इंग्रजीत. देवगड इंग्रजी अक्षरांत लिहिताना कोणी शेवटी नुसता डी लावतं, कोणी डी एच, कोणी सुरुवातीलाच व्ही च्या जागी ओ घालून देओगड करतं, आणि शेवटी एच लावलं की राजस्थान, ओडिशाकडचे देवगढही मिसळायला लागतात. मालवणमध्ये व्ही की डब्ल्यू, कोकममध्ये ए की यू, हापूसमध्ये ए एक की दोन. साध्या टायपिंगच्या चुका गूगल बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण देवनागरीतला कीवर्ड इंग्रजी अक्षरातल्या शोधाला नेहमी पोचेल असं धरून चालू नका, महत्त्वाचे पाचसहा शब्द तिन्ही तऱ्हेने टाका. मराठीत अजून एक, शब्दाला शेपूट लागतं, देवगडला, देवगडमध्ये, देवगडचा, पुण्यात, पुण्याला. सगळी रूपं टाकत बसू नका पण जी वहीत वारंवार दिसतात ती टाका, मोबाइलला बोलून शोधणारे तर पूर्ण वाक्यच बोलतात, पुण्यात ओरिजिनल देवगड हापूस कुठे मिळेल, असं.

आता मॅच टाइप, म्हणजे शोध कीवर्डशी किती जुळला की जाहिरात दाखवायची ते. कीवर्ड नुसता लिहिला तर तो ब्रॉड, म्हणजे गूगलला जे जे संबंधित वाटेल त्या सगळ्याला जाहिरात दाखवणार. दुहेरी अवतरणचिन्हात लिहिला तर फ्रेज, त्या अर्थाचं काही शोधात असलं पाहिजे. चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट, त्यातही अर्थ तोच असलेली जवळची रूपं येतात, अगदी अक्षराला अक्षर असं आता राहिलेलं नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावायला सांगतात, ते २०२१ मध्ये बंद झालं, त्याच्या मागे लागू नका. रोजचे दोनतीनशे रुपये खर्च करणाऱ्याने माझ्या मते फ्रेज आणि एक्झॅक्टवरच राहावं. ब्रॉड वाईट नाही, पण त्याला शिकायला भरपूर ऑर्डरची नोंद लागते आणि आपल्याकडे सीझनच आठदहा आठवड्यांचा, तो शिकेपर्यंत आंबा संपतो. कॅम्पेन बनवताना ब्रॉड मॅचचं बटण चालू आहे का ते बघा, आणि खात्यात आपोआप लागू होणाऱ्या शिफारशी चालू असतील तर त्याही तपासा, नाहीतर तुम्ही न टाकलेले कीवर्ड खात्यात येऊन बसतील.

आता निगेटिव्ह कीवर्ड, मी वर म्हटलं तो खड्डा. देवगडचा घोळ कळल्यावर मी रागाच्या भरात मंदिर हा एकच शब्द निगेटिव्ह टाकला आणि खूश झालो. चार दिवसांनी लक्षात आलं की कुणकेश्वर मंदिर राहण्याची सोय, हा आमचा सगळ्यात चांगला शोध, महाशिवरात्रीच्या यात्रेच्या आधीचा, तो पण त्यात अडकून पडतोय. शब्द काढला आणि दत्त मंदिर हा जोडशब्द अवतरणचिन्हात टाकला. म्हणून निगेटिव्ह टाकताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, या शब्दाने माझा चांगला गिऱ्हाईक तर नाही ना अडणार? आणि दुसरी गोष्ट, साध्या कीवर्डसारखा निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्दांपर्यंत पसरत नाही. रेसिपी अडवलं म्हणून कृती अडत नाही, नोकरी अडवलं म्हणून जॉब आणि भरती अडत नाही, देवनागरी अडवलं म्हणून इंग्रजी अक्षरातलं अडेल याचा भरवसा नाही. सगळं वेगवेगळं लिहा. आंब्याला आमची यादी साधारण अशी आहे, रेसिपी, कृती, कलम, रोप, लागवड, फवारणी, खत, अनुदान, बाजारभाव, आजचा भाव, फोटो, माहिती, निबंध, ड्रॉइंग. निबंध आणि ड्रॉइंग वाचून आश्चर्य वाटेल, पण शाळेच्या पोरांचे आंब्यावरचे निबंध असतात आणि आईचा फोन घेऊन बसलेलं पोर दिसेल त्या पेटीच्या फोटोवर टिचकी मारतं.

पैशाचा हिशोब कीवर्ड निवडतानाच करायचा, नंतर नाही. समजा एका पेटीमागे कुरिअर, पेंढा, पेटी सगळं जाऊन तुमच्या हातात ४०० रुपये राहतात. समजा शंभर क्लिकमधून ५ जण पेटी घेतात. म्हणजे शंभर क्लिकमागे २ हजार रुपये सुटले, एका क्लिकला २० रुपये दिले तर तुम्ही फुकट राबलात. तर मग तुमची हद्द १० ते १२ रुपये, त्याच्यावरचा कीवर्ड कितीही गोड दिसला तरी सोडा. प्लॅनरमध्ये वरच्या जागेसाठीच्या बोलीचा कमी आणि जास्त असा अंदाज दिसतो, तो या हद्दीशी ताडून बघा. नुसता आंबा किंवा नुसता हापूस यावर मोठमोठे विक्रेते बसलेले असतात, पेटी देवगड हापूस कोथरूड घरपोच, अशा लांब शब्दांवर गर्दी कमी आणि येणारा माणूस पक्का. रोजच्या बजेटचंही ध्यानात ठेवा, गूगल एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याचा हिशोब मात्र रोजचं बजेट गुणिले ३०.४ च्या आत ठेवतं, त्यामुळे अक्षय्य तृतीयेला ३०० च्या जागी ५५० गेले तर घाबरून कॅम्पेन बंद करू नका.

कीवर्ड गटात बांधताना एका अर्थाचे एकत्र, पेटी घेणारे एका गटात, कॉर्पोरेट गिफ्टवाले दुसऱ्यात, आंबापोळी तिसऱ्यात, आणि प्रत्येक गटाची जाहिरात आणि पान वेगळं. क्वालिटी स्कोअर १ ते १० मध्ये असतो आणि तो तीन गोष्टींवर ठरतो, क्लिक मिळायची शक्यता, जाहिरात शोधाशी जुळते का आणि पान उघडल्यावर माणसाला हवं ते मिळतं का. आंबापोळी शोधणाऱ्याला पेटीच्या पानावर नेलं की तिन्ही ठिकाणी मार.

लोकेशनची एक सेटिंग फार जण विसरतात. मुळात ती अशी असते की त्या जागी असलेले किंवा त्या जागेत रस असलेले, दोघांनाही जाहिरात. आंबा पुण्यातच पोचवणार असाल तर फक्त तिथे असलेले लोक निवडा. होमस्टेचं उलट, आपला पाहुणा शोधताना कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबईत बसलेला असतो, ती शहरं निवडा, आणि एक वेगळं छोटं कॅम्पेन आपल्याच तालुक्यापुरतं ठेवा, त्यात जवळचं होमस्टे, आज रात्री रूम, फॅमिली रूम असे शब्द, कारण शनिवारी संध्याकाळी सातला कुणकेश्वरला पोचून रूम न मिळालेलं कुटुंब तेच शोधत असतं. होमस्टेला दिलेल्या पैशात सगळ्यात चांगली कमाई आम्हाला या छोट्या कॅम्पेनने दिली.

सीझनप्रमाणे शब्दांचा अर्थही बदलतो हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, आपल्याला कळायला हवं. गणपतीच्या आधी कोकण हा शब्द चढतो, पण ते बहुतेक चाकरमानी असतात, त्यांना घर आहे, त्यांना हवंय ते कोकण रेल्वेचं तिकीट आणि एसटीची जादा गाडी. त्या दिवसांत तिकीट, रिझर्व्हेशन, टाइमटेबल, एसटी, गाडी हे शब्द अडवले नाहीत तर बजेट सकाळी दहालाच संपतं. शिमग्याला थोडं तसंच. स्कूबा डायव्हिंग मालवण हा शब्द पावसात पण शोधला जातो, पण जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला, वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याची होडी बंद, यांत्रिक होड्यांची मासेमारी सुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद, तेव्हा त्या शब्दांचं कॅम्पेन मे संपताना पॉज करा आणि खोल्या भरायच्या असतील तर पावसाळी कोकण, आंबोली धबधबा, घरगुती मालवणी जेवण असे शब्द उघडा.

कॅम्पेन चालू झालं की पहिले दहा दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडायचा. कीवर्ड म्हणजे तुम्ही टाकलेला शब्द, सर्च टर्म म्हणजे माणसाने खरोखर टाइप केलेला, आणि दुसरा वाचायचाय. सगळे शोध त्यात दिसत नाहीत, फार थोड्या लोकांनी केलेले गूगल दाखवत नाही, पण दिसतात तेवढ्यात भरपूर कळतं. मी चहा घेऊन बसतो आणि एकेक ओळ वाचत जातो, कामाची असेल तर एक्झॅक्टमध्ये उचलतो, बिनकामाची असेल तर निगेटिव्हमध्ये. गेल्या सीझनला एक ओळ दिसली, आईसाठी हापूस पेटी पाठवायची आहे सोलापूर. पाठवणारा बहुतेक बाहेरगावी, आई सोलापूरला. त्या एका ओळीवरून मी भेट म्हणून आंबा पेटी, आईबाबांना आंबा पाठवा, असा नवीन गट केला, पानावर चिठ्ठी लिहून पाठवायची सोय ठेवली, आणि त्या गटातून येणारे लोक दर विचारतच नाहीत, फक्त विचारतात की कधी पोचेल.

ऑर्डर कुठल्या कीवर्डवरून आली ते कळण्यासाठी कन्व्हर्जन ट्रॅकिंग लावा, निदान व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर आणि फोनच्या बटणावर. ते नसेल तर जास्त क्लिकचा कीवर्ड चांगला वाटत राहतो आणि ऑर्डर देणारा गरीब बिचारा कीवर्ड कमी क्लिक म्हणून तुम्हीच काढून टाकता. तेवढंही जमत नसेल तर फोनवर प्रत्येकाला विचारा, काय शोधून आलात? लोक आनंदाने सांगतात, ते वहीत लिहा.

मिरग जवळ आला, शेवटच्या पेट्या गेल्या की कॅम्पेन पॉज करा, डिलीट करू नका. सर्च टर्म्सचा पूर्ण सीझनचा रिपोर्ट डाउनलोड करा, निगेटिव्हची यादी कॉपी करून ठेवा, आणि वहीत जे शब्द या वर्षी नव्याने ऐकले त्यांच्याखाली रेघ मारा. मग वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा, आपल्याकडच्या पावसात कागदाला दोन महिन्यात बुरशी येते.